समतेचे भित्तिपत्रक

भाषणात समता आणणे सोपे असते, चित्रात आणणे कठीण. वक्ता 'स्त्री व पुरुष समान आहेत' एवढे वाक्य उच्चारतो, टाळ्या घेतो आणि खाली बसतो. चित्र काढणाऱ्याला तसे मोकळे होता येत नाही. कागदावर दोन माणसे काढावयाची म्हटली की लगेच विचार पडतो : उभे कोण आणि बसलेले कोण? कोणाच्या हाती काय द्यावयाचे? कोणाची मान वर, कोणाची खाली? बोलताना जे मुद्दे आपण गुळमुळीत ठेवतो, त्यांचा निकाल पेन्सिलीला द्यावाच लागतो.

यंदाच्या नवरात्रात देवळाबाहेर स्त्री-पुरुष समतेविषयी एक भित्तिपत्रक लावावे, आणि ते केवळ स्त्रियांची कैफियत न होता पुरुषांसही आपले वाटावे, असे सभासद कुटुंबांतील काही तरुण मंडळींच्या मनात आले. रेखाटनाचे काम आम्हांकडे आले. कागद दोन फूट रुंद व तीन फूट उंच. एवढ्याशा जागेत काय मावते आणि काय मावत नाही, याचा विचार करिता करिता जे सुचले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम सर्वांच्या मनात तराजूच आला. एका पारड्यात पुरुष, दुसऱ्यात स्त्री, काटा मध्यावर. चित्र ओळखीचे, काढावयासही सोपे. परंतु तराजूचा स्वभाव असा की, एक पारडे हलले म्हणजे दुसरे उलट दिशेने हललेच पाहिजे. एकाला मिळाले ते दुसऱ्याचे गेले, असे तो बोलल्यावाचून सांगतो. आणि समतेविषयी पुष्कळ पुरुषांच्या मनात जी धास्ती असते ती नेमकी हीच आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात 'शक्ती' योजनेखाली स्त्रियांना राज्य परिवहनाच्या साध्या गाड्यांतून विनामूल्य प्रवास मिळू लागला. तेव्हापासून जांबोटीमार्गे बेळगावला जाणाऱ्या गाडीत 'बायकांना फुकट जागा, आम्ही मात्र पैसे मोजून उभे' हे उद्गार ऐकू येतात. हा त्रागा अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या मनुष्याचा खिसा हलका असतो, आणि दारिद्र्य काही स्त्री की पुरुष हे पाहून येत नाही. परंतु त्याच गृहस्थाने एक हिशेब करून पाहावा. आई दवाखान्यात जात होती, मुलगी कॉलेजात जात होती, पत्नी माहेरी जात होती, त्यांच्या तिकिटाचे पैसे पूर्वी कोणाच्या खिशातून जात होते? बहुधा त्याच्याच. म्हणजे वाचलेला पैसा घरातच राहिला. शिवाय पैशापलीकडची एक गोष्ट आहे. तिकिटापुरते का होईना, हात पसरणे थांबले. हात पसरणे पसरणारीस जड होतेच. पण दर खेपेस 'कशाला जातेस?' असे विचारीत बसणे हे घरच्या कर्त्या पुरुषासही फारसे शोभत नव्हते. एकाचे ओझे उतरले म्हणून दुसऱ्याचे वाढलेच पाहिजे, असे प्रपंचात नेहमी घडत नाही. तराजू आम्ही खोडून टाकला.

दुसरी सूचना आली ती दशभुजेची. एका हाती पळी, एका हाती झाडू, एका हाती मूल, एका हाती पुस्तक, एका हाती मोबाईल, एका हाती घागर, आणि मुखावर प्रसन्न हास्य. नवरात्राचे दिवस, तेव्हा कल्पना समयोचित होती, आणि स्त्रियांचा गौरवही तीत दिसत होता. आम्हांस मात्र ती फार घातक वाटली. दुर्गासप्तशतीतील कथा सभासदांस ठाऊक आहे. देवीच्या हातांत जी शस्त्रे आहेत, ती देवांनी आपापल्या शस्त्रांतून काढून तिला दिलेली आहेत. विष्णूने चक्र दिले, शंकराने शूल दिला, इंद्राने वज्र दिले. संकट सर्वांचे होते, म्हणून प्रत्येकाने आपले काही तिच्या स्वाधीन केले. आमच्या दशभुजेला हे हात कोणी दिले? तिला कोणी काहीच दिलेले नाही. जी कामे दुसऱ्या कोणास करावयाची नव्हती, ती तेवढी तिच्या हातांत कोंबली, आणि वर तिला नमस्कार केला. स्तुती ही कधी कधी वेतनाच्या ऐवजी दिली जाते. ज्याला काम वाटून घ्यावयाचे नसते, तो काम करणारीची पूजा करितो.

हे केवळ आमचे मत नव्हे. केंद्र शासनाने २०१९ साली लोकांच्या दिवसभराच्या वेळेची देशव्यापी पाहणी केली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी शेकडा ८१ स्त्रिया घरातील विनावेतन काम करीत होत्या, आणि त्यांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. पुरुषांपैकी असे काम करणारे शेकडा २६, आणि जे करीत होते त्यांचाही वेळ ९७ मिनिटे. पाच तास आणि दीड तास. शेतात, कचेरीत, दुकानात जे काम होते ते याहून वेगळे.

भित्तिपत्रकाने काय होते, असा प्रश्न वडीलधाऱ्यांपैकी काहींनी केला. प्रश्न रास्त आहे. आपल्या देशात भिंतीवरच्या चित्राचा सर्वांत मोठा प्रयोग झाला तो कुटुंबनियोजनाचा. लाल त्रिकोण आणि त्याच्याबरोबर माता, पिता, पुत्र व कन्या यांचे चार हसरे चेहरे. गेल्या शतकाच्या साठीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून हे चित्र देशाच्या कानाकोपऱ्यात भिंतीभिंतीवर रंगविले गेले. त्या चित्रात पुरुष होता, स्त्रीही होती, दोघांचे चेहरे सारखे मोठे होते. पाहणाऱ्यास वाटावे, ही जबाबदारी दोघांची. पुढे काय झाले? आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील ६० लाखांहून अधिक पुरुषांच्या होत्या. कित्येकांवर सक्ती झाली. गावेच्या गावे धास्तावली. त्या सक्तीचा राग पुरुषांच्या मनात असा बसला की, त्यानंतर कार्यक्रमाने पुरुषाचे नाव घेणेच जवळजवळ सोडले आणि सगळा भार मुकाट्याने स्त्रीच्या अंगावर टाकला. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित जोडप्यांपैकी शेकडा सुमारे ३८ जोडप्यांत शस्त्रक्रिया स्त्रीची झालेली आढळली. पुरुषाची झालेली जोडपी हजारात तीन. आणि वैद्यकशास्त्राप्रमाणे दोहोंत पुरुषाची शस्त्रक्रियाच अधिक सोपी व कमी जोखमीची आहे!

या इतिहासातून आम्हांस दोन गोष्टी दिसल्या. चित्रात दोन चेहरे सारखे काढल्याने भार सारखा वाटला जात नाही, ही एक. दुसरी अशी की, पुरुषाला धाक घालून जे करविले, त्याचे प्रायश्चित्त अखेर स्त्रीनेच भोगले. म्हणून आमच्या पत्रकात पुरुषाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करू नये, असे आमचे ठाम मत झाले. हे पुरुषावर दया म्हणून नव्हे. दटावलेला पुरुष घरी जाऊन राग कोणावर काढील, हे सांगावयास नको.

मग पुरुषाशी बोलावे तरी कसे? याचे एक उत्तम उदाहरण मुंबईत घडलेले आहे. १९९१ साली पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी वर्तमानपत्रात एक लहानशी जाहिरात दिली. नोकरीच्या जाहिरातीत 'पाहिजेत' म्हणून असते तशीच ती होती. मात्र तीत मागणी होती ती बायको ही मारण्यासाठी नसते असे मानणाऱ्या पुरुषांची. दोनशेपाच पुरुषांनी उत्तरे पाठविली. त्यातूनच पुढे १९९३ साली स्त्रियांवरील अत्याचाराविरुद्ध पुरुषांनी चालविलेली 'मावा' ही संस्था उभी राहिली, आणि हरीश सदानी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी महाविद्यालयांतील मुलांत ते काम वर्षानुवर्षे नेटाने चालविले. जाहिरातीच्या मजकुराचे मर्म आम्हांस असे वाटते की, तीत 'मारू नका' असे कोठेच नव्हते. जे मारीत नाहीत, ज्यांना हे पटत नाही, पण चारचौघांत बोलावयास जे लाजतात, त्यांना तिने हाक मारली. असे पुरुष प्रत्येक गावात असतात. आपल्याही गावात आहेत. बायको आजारी असता तिची लुगडी धुऊन परसात वाळत घालणारा, पण कोणी पाहू नये म्हणून पहाटेच ते उरकणारा गृहस्थ सभासदांपैकी कोणास माहीत नाही? त्याला दिवसाउजेडी ते करता यावे, एवढे जरी पत्रकाने साधले तरी पुष्कळ.

आता पुरुषाचे स्वतःचे दुःख. 'पुरुषासारखा पुरुष असून रडतोस?' हे वाक्य मुलाला पाच-सहा वर्षांचा असल्यापासून ऐकावे लागते. ज्या समजुतीने मुलीला 'हळू बोल' म्हटले, त्याच समजुतीने मुलाला 'रडू नकोस' म्हटले. दोन्ही आज्ञा एकाच घरातल्या, एकाच तोंडातल्या, पुष्कळदा आईच्याच. पुढे तो मुलगा मोठा होतो, सोसायटीचे कर्ज त्याच्या नावावर निघते, पीक बुडते किंवा चोर्ला घाट उतरून गोव्यात केलेली नोकरी सुटते, आणि घरी सांगणे त्याला मरणाहून कठीण वाटते. २०२१ साली आपल्या देशात १,६४,०३३ माणसांनी आत्महत्या केल्याची नोंद झाली. त्यांत १,१८,९७९ पुरुष होते. हा आकडा पुढे करून 'पाहा, दुःख तर पुरुषांनाच अधिक' असे म्हणणारे लोक आहेत. ते आम्हांस मान्य नाही. एकाच्या जखमेचा उपयोग दुसऱ्याच्या जखमेस गप्प बसविण्यासाठी करू नये. परंतु हे लाखाहून अधिक पुरुष ज्या दगडाखाली चेपले गेले, तो दगड कोणता, हे पाहिले पाहिजे. कमाविणारा मीच, कर्ता मीच, हरलो तर हरलेला मीच, हा तो दगड. स्त्रीला घरात कोंडणारी भिंत आणि पुरुषाच्या छातीवरचा हा दगड एकाच खाणीतून निघालेले आहेत, असे आम्हांस वाटते.

या ठिकाणी भावाबहिणीचा विषय काढणे भाग आहे, जरी तो अनेक घरांत कडू झालेला असला तरी. वडिलार्जित मिळकतीत मुलीस मुलाबरोबरीचा वाटा देणारा कायदा कर्नाटकात १९९४ सालीच झाला, महाराष्ट्रातही त्याच वर्षी, आणि २००५ साली तो साऱ्या देशाला लागू झाला. तरीही बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी आणि भाऊबीजेची साडी घेऊन जावी, ही रीत सुटत नाही. भाऊ म्हणतो, आईबापांचे म्हातारपण मी काढले, दुखणीखुपणी मी पाहिली, बहीण पाहुणी म्हणून आली नि गेली. त्याचे म्हणणे पुष्कळ वेळा खरे असते. परंतु ती पाहुणी कोणी केली? आपणच ना? मुलगी परक्याचे धन म्हणून वाढविली, म्हणून तिला वाटाही नाही आणि आईबापांची जबाबदारीही नाही. मुलगा वंशाचा दिवा म्हणून वाढविला, म्हणून शेत त्याचे आणि रात्रीची जागरणेही त्याची. हक्क आणि कर्तव्य ही जोडी फोडून एकेकाला एकेक दिले, आणि दोघेही असंतुष्ट राहिले. वाटा देताना आईबापांच्या सेवेतही वाटा मागण्याचा भावास अधिकार आहे, आणि तो त्याने अवश्य मागावा.

चित्रात हे सारे कसे आणावे? येथे आम्हांस महाराष्ट्रातील बालभारतीने २०१९ साली केलेला एक प्रयोग उपयोगी पडला. त्या वर्षी इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकांतील चित्रे बदलून आली. एका चित्रात स्त्री व पुरुष दोघे मिळून भाजी निवडीत आहेत. अन्यत्र डॉक्टर स्त्री आहे, वाहतूक पोलीस स्त्री आहे. त्याआधी पिढ्यान् पिढ्या आई स्वयंपाकघरात आणि बाबा वर्तमानपत्र वाचीत, हेच चित्र आपण पाहिले. सीमाभागातील आपल्या मराठी शाळांत कर्नाटक शासनाची पुस्तके चालतात, त्यामुळे आपल्या मुलांनी ती चित्रे पाहिली नसतील. त्या भाजी निवडण्याच्या चित्राकडे आम्ही पुष्कळ वेळ पाहिले. तेथे कोणी कोणाला मदत करीत नाही. भाजी दोघांची आहे.

'मदत' हा शब्द फार गोड आणि फार फसवा आहे. 'मी बायकोला घरकामात मदत करितो' असे सांगणारा पुरुष भला असतो. पण त्या वाक्यात काम मूळचे बायकोचे आहे हे गृहीत धरलेले असते, आणि मदत करणाराला ती केव्हाही थांबविण्याची मोकळीक असते. शेतात भाऊ भावाला मदत करीत नाही, तो आपल्या वाट्याचे काम करितो. घरातल्या चुलीपाशी आलो की हा साधा हिशेब आपण का विसरतो?

याविषयी पुजाऱ्याच्या घरात वाढल्यामुळे एक गोष्ट आम्ही लहानपणापासून पाहात आलो. देवाचा नैवेद्य सोवळे नेसून पुरुष रांधतो. महाप्रसादाची मोठी भांडी चुलाणावर चढवितात ते पुरुषच. लग्नाच्या पंगतीला बोलावितात तो आचारीही पुरुष. शेकडो पाने उठवील एवढा भात, सांबारे, खीर ही माणसे बिनचूक करितात, आणि गाव त्यांचे नाव घेते. मग स्वयंपाक हे पुरुषाचे काम नव्हे, असे म्हणावयास जागा कोठे उरली? देवासाठी रांधावयास लाज नाही, गावासाठी नाही, पैसे घेऊन तर मुळीच नाही. लाज आहे ती केवळ स्वतःच्या मुलाबाळांसाठी, कोणी न पाहता, कोणी न वाखाणता, रोज दोन वेळा रांधण्याची. तेव्हा अडचण चुलीची नव्हेच. ज्या कामाला साक्षीदार नाही आणि मोल नाही, ते काम स्त्रीकडे लोटावयाचे, असा हा अलिखित करार आहे. महाप्रसादाच्या दिवशी मोठा डाव फिरविणारा हात दुसऱ्या दिवशी घरी चहाचे पाणीही ठेवीत नाही, याचे आम्हांस लहानपणी नवल वाटत असे. आता नवल वाटत नाही, वाईट वाटते.

रेखाटन बरेच पुढे गेले आणि स्त्रीच्या कपाळापाशी येऊन पेन्सिल थांबली. पुरुषाचा चेहरा काढताना असा प्रसंग आला नव्हता. तो विवाहित की अविवाहित, बायको हयात की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहावे लागत नाही. स्त्रीच्या कपाळी कुंकू काढले तर ती सौभाग्यवती. न काढले तर पाहणारा ताबडतोब वेगळा अर्थ घेणार. एका ठिपक्यात एवढा मोठा भेद! कोल्हापूर जिल्ह्यातील, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून पतीच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. हेरवाड काही दूर देशीचे गाव नव्हे. आपल्या निपाणी-चिकोडीच्या शेजारचाच तो मुलूख. आम्हांस त्या ठरावात विशेष वाटले ते हे की, तो बायकांच्या वेगळ्या बैठकीत झाला नाही, साऱ्या गावाच्या ग्रामसभेत झाला. पती गेल्यावर त्या बाईच्या हातच्या बांगड्या फुटताना जे पुरुष भोवती मुकाट उभे असतात, त्यांत तिचा मुलगा असतो, भाऊ असतो. त्या मुकाटपणाचाही त्यांस जन्मभर त्रास होत असला पाहिजे. आम्ही पत्रकात तिसरी आकृती घेतली आहे, ती आजीची. आजोबांचे छायाचित्र हार घालून भिंतीवर आहे, आणि आजीच्या कपाळी कुंकू आहे. यावर हरकत येईल, हे आम्ही जाणून आहोत. देवीच्या दारात ओटी भरावयाच्या दिवसांत मागच्या मागे उभ्या राहणाऱ्या ज्या माता आपण दरवर्षी पाहतो, त्यांपैकी एकीला तरी पुढच्या ओळीत काढावे, असे वाटले म्हणून काढली.

अर्धनारीश्वर काढावा, असेही एका सभासद गृहस्थांनी आग्रहाने सुचविले होते. आपल्या गावी उगम पावलेली मलप्रभा पुढे पट्टदकल व ऐहोळे या गावांवरून जाते, आणि तिच्याच खोऱ्यात बदामीच्या पहिल्या लेण्यात अर्धनारीश्वराची भव्य मूर्ती सहाव्या शतकापासून उभी आहे. (पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर आठव्या शतकात पतीच्या विजयाप्रीत्यर्थ बांधविले ते राणी लोकमहादेवीने, हे जाता जाता सांगून ठेवितो, राजे देवळे बांधवितात आणि राण्या हळदीकुंकू करितात, अशी समजूत असणारांसाठी.) कल्पना थोर खरी, पण दोन कारणांनी आम्ही ती घेतली नाही. भिंतीवरचा कागद पावसाने सुटतो, पायदळी येतो. तेथे देवाची मूर्ती नसावी. दुसरे असे की, अर्धनारीश्वराचे दोन भाग एकाच देहात नांदतात, त्यांच्यात आज भांडी कोणी घासावी यावरून वाद होत नाही. माणसे दोन देहांची असतात. ती थकतात, रुसतात, एकाला झोप येते आणि दुसऱ्याला मूल घेऊन बसावे लागते. त्यांची समता रोज संध्याकाळी नव्याने वाटून घ्यावी लागते.

त्यापेक्षा एक शब्द आम्हांस अधिक जवळचा वाटला, आणि तो आपल्या गावाला परका नाही. येथली देवी माउली आहे. आणि वारकरी ज्ञानेश्वरांना, एका पुरुषाला, माउली म्हणतात. वारीच्या वाटेवर अनोळखी माणसे एकमेकांना माउली म्हणून हाक मारितात. समोर बाई आहे की बुवा, हे पाहात नाहीत. पुरुषाला आई म्हणण्यात त्याचा अपमान झाला, असे या महाराष्ट्रभूमीत सात शतकांत कोणास वाटलेले नाही. ज्या भाषेत पुरुषाला मिळणारी सर्वांत मोठी पदवी 'माउली' ही आहे, त्या भाषेत बापाने मुलाचे नाक पुसले म्हणून हसणारे लोक असावेत, ही मोठी विसंगती नव्हे काय?

तर पत्रकाचे रूप ठरले ते असे. संध्याकाळची वेळ. बाप चुलीपाशी बसून भाकरी थापतो आहे, त्याचे लक्ष भाकरीकडेच आहे. आपण पराक्रम करितो आहोत असा भाव त्याच्या मुखावर येऊ नये म्हणून तो चेहरा तीनदा खोडून काढावा लागला. आई दिव्याखाली जमिनीचा उतारा वाचीत बसली आहे आणि त्यावर दोघांची नावे आहेत. मुलगा रडतो आहे व आजी त्याला जवळ घेऊन रडू देते आहे. मुलगी दारात सायकल लावून नुकतीच आत येते आहे. कोणीही कोणाकडे मान वर करून पाहात नाही. शीर्षवाक्य मराठीत व कन्नडमध्ये, दोन्ही लिप्या सारख्या आकाराच्या असाव्यात, एवढे नक्की. वाक्य कोणते हे अजून ठरावयाचे आहे. 'स्त्रियांचा आदर करा' हे एकमताने नाकारले गेले, कारण आदर करणारा आणि जिचा आदर करावयाचा ती, असे पुन्हा दोन वर्ग त्यात झालेच.

राहिला एक प्रश्न, आणि तो आम्हांस एका शाळकरी मुलीने चित्र पाहता पाहता विचारला. ती म्हणाली, "दादा, हे देवळाच्या बाहेर लावणार ना? मग आत पूजा कोण करणार?"

या प्रश्नाला बगल देऊन पत्रक लावणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पुण्यात स्त्रिया गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकापासून पौरोहित्य शिकत आल्या आहेत आणि लग्ने, वास्तुशांती चालवीत आहेत. पंढरपुरास २०१४ साली बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने संपल्यावर मंदिर समितीने पूजेच्या कामासाठी स्त्रियांकडूनही अर्ज मागविले. आमच्या घरात सप्तशतीचा पाठ आम्ही शिकलो तेव्हा शेजारी बसून आमच्या भगिनीही शिकल्या, आणि उच्चार त्यांचेच अधिक शुद्ध आहेत, हे तीर्थरूपांनी अनेकदा बोलून दाखविले आहे. तेव्हा पात्रतेचा प्रश्न आमच्यापुरता निकालात निघालेला आहे. परंतु देवस्थानची रीत ही एका पुजाऱ्याच्या घरची मालमत्ता नव्हे; ती सर्व सभासद कुटुंबांची आहे, आणि त्यांतील स्त्रियांचे मत आजवर कोणी विचारलेले नाही. ते विचारले जावे, आणि नवरात्रातील एका तरी दिवसाचा पाठ देवीसमोर बसून स्त्रियांनी करावा की नाही, हा विषय सभासद कुटुंबांतील स्त्री व पुरुष दोघांच्या हजेरीत सभेपुढे यावा, असे लेखी निवेदन आम्ही रेखाटनासोबतच कार्यकारी मंडळाकडे दिले आहे.